तळचे वजन

ओझे हौसेने विकत घेणारा मनुष्य मी आजवर पाहिला नव्हता. ओझे टाळावे, जमल्यास दुसऱ्याच्या माथी मारावे, तेही न जमले तर हमालाच्या डोक्यावर चढवून आपण मोकळ्या हातांनी पुढे चालावे, ही जगाची रीत. त्यामुळे मिनेसोटाहून दिवाळीला आलेला माझा पुतण्या चकलीचा तुकडा मोडीत म्हणाला, “काका, यंदा बोटीत जवळजवळ सातशे किलो वजन वाढवलं,” तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिलो.

“का? बोट हलकी पडली?”

“हलकीच पडली! लाट उठत नव्हती.”

तिकडे तळ्यावर हा एक खेळ आहे. पुढे मोटारबोट धावते, तिला साठ-सत्तर फूट दोर बांधलेला, आणि दोराच्या टोकाशी पायांत फळी अडकवलेला मनुष्य. बोटीमागे दोन्ही बाजूंना पाण्याचे जे वरंबे उठतात त्यांवर चढून त्याने हवेत उडी घ्यायची आणि जमल्यास पलीकडच्या वरंब्यावर उतरायचे. न जमल्यास तळे आहेच. वरंबा जितका उंच तितकी उडी उंच. आणि वरंबा उंच व्हायचा तर बोट पाण्यात खोल बसली पाहिजे. म्हणून हे लोक जाड रबरी पिशव्या आणतात, पंपाने त्यांत तळ्याचेच पाणी भरतात आणि बोटीच्या कोनाकोपऱ्यांत दाबून बसवतात. एकेका पिशवीत साडेतीनशे लिटरच्या घरात पाणी, म्हणजे तितकेच किलो. पिशवीला पैसे पडतात. वजन मात्र फुकट.

ह्यातले शास्त्र सोपे आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीज सांगून गेला. वजन वाढले की बाजूला सारायचे पाणी वाढले, आणि ते पाणी बोट पुढे गेल्यावर परत जागेवर येताना उसळते. पुतण्या मला हे समजावून सांगत होता, पण मला ते वसईच्या खाडीने पूर्वीच शिकवले आहे. हातपाटीने काढलेली रेती भरून येणारी होडी काठापर्यंत बुडालेली असते. पाणी आणि काठ यांत चार बोटांचेही अंतर नाही की काय असे वाटते. ती अगदी सावकाश जाते, तरी तिच्या मागे पाण्याला जड, तेलकट अशी घडी पडते आणि ती घडी बराच वेळाने किनाऱ्यावरच्या तिवरांत येऊन ‘चुबुक’ करते. तीच होडी रिकामी परतली म्हणजे टणाटणा उडत येते आणि मागे नुसता फेस.

एक गंमत मात्र मला पुतण्याकडून कळली. खोल पाण्यात, फार वेगात नसलेल्या कोणत्याही तरंगत्या वस्तूमागे पाण्याचा जो पाचर उमटतो, त्याचा कोन सुमारे ३९ अंशांचाच असतो. बदक असो की आगबोट. हे गणित लॉर्ड केल्व्हिनने १८८७ साली मांडले. वजनाने लाटेची उंची वाढते, पाचराचा कोन तोच. खाडीवर बदके दिसली की मी हल्ली त्यांच्या मागे पाहतो, आणि आमची ही माझ्याकडे पाहते.

पण नुसते वजन घालून भागत नाही. ते कुठे घातले ह्याला महत्त्व. सगळे मागे टाकले तर लाट उंच पण आखूड आणि आडमुठी होते. थोडे पुढे सरकवले की लांब आणि नितळ. फारच पुढे सरकवले तर बोटीचे नाक पाण्यात घुसते आणि खेळ आटोपतो. हे बोलणे चालू असता ही करंज्या तळीत होती. तिने मागे न वळता सांगितले, “सारण एका कडेला गेलं की करंजी तेलात पोट वर करून तरंगते. झाऱ्याने दहादा उलटा, अकराव्यांदा पुन्हा तीच बाजू वर.” जहाजबांधणीवरील ग्रंथांत ह्याहून अधिक सुबोध वाक्य असेल असे मला वाटत नाही.

स्वीडनच्या राजाच्या पदरी अशी एखादी गृहिणी असती तर बरे झाले असते. १६२८ च्या ऑगस्टमध्ये ‘वासा’ नावाची त्याची नवी कोरी युद्धनौका स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्या सफरीला निघाली. तोफांचे मजले एकावर एक दोन, वर कोरीव सिंह आणि देवादिक, सगळा थाट वरच्या अंगाला. तळात दगड होते, सुमारे १२० टन; पण एवढ्या डोलाऱ्याला ते पुरेसे नव्हते, आणि आणखी घालावे तर खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर ह्या कडेकडून त्या कडेला पळवून परीक्षा घेतली होती. तिसऱ्या फेरीलाच जहाज इतके झुलू लागले की परीक्षा थांबवावी लागली. परीक्षा थांबली, सफर थांबली नाही. जेमतेम १३०० मीटर गेले असेल, वाऱ्याची एक झुळूक आली आणि उघड्या खिडक्यांतून पाणी आत. १९६१ साली ते वर काढले. आज संग्रहालयात उभे आहे.

तळात घालायच्या ह्या वजनाला जुनी गलबती माणसे नीरम म्हणत. शब्द मोठा गोड आहे, ओझ्याचा मुळीच वाटत नाही. माल नसलेले जहाज समुद्रात चालवता येत नाही, म्हणून काहीतरी भरावे लागते. मग दगडच कशाला, थोडीफार किंमत येईल असे काही भरावे, हा विचार व्यापाऱ्याला सुचणारच. चहाच्या हलक्या पेट्यांखाली चिनी मातीची भांडी अशीच युरोपात गेली. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलहून कलकत्त्याला निघणारी जहाजे तळात चेशायरचे मीठ भरून येत आणि परत जाताना तागासारखा बोजड माल नेत. मीठ म्हणजे त्यांच्या लेखी नीरम. विकले गेले तर तेवढाच फायदा. त्या स्वस्त मिठाने बंगालचा मिठाचा धंदा बसवायला मोठा हातभार लावला. आमच्या भाईंदरची ओळखच मुळी मिठागरांची. मिठाचे पांढरे ढीग डोळ्यांसमोर वाढलेल्या माझ्यासारख्याला ह्या गोष्टीचे वाईट वाटते. कोणाच्या तरी जहाजाचा तोल सावरावा म्हणून कुठल्या तरी गावची चूल विझते.

पुतण्याच्या तळ्यावरही हल्ली ह्याच जातीचा तंटा आहे. मुद्दाम जड केलेल्या बोटींच्या लाटा काठ खातात, तळचा गाळ ढवळतात, म्हणून काठावरचे लोक चिडले आहेत. लाटेवर दोराशिवाय स्वार होण्याचा जो ह्याचाच धाकटा भाऊ असलेला खेळ, त्याच्या बोटी मिनेसोटा विद्यापीठाने मोजून पाहिल्या. साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उतरते, तेवढी उतरायला ह्या बोटींच्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते, असे २०२२ साली त्यांनी प्रसिद्ध केले. “मग तू काय करतोस?” मी विचारले. “मधोमध चालवतो,” तो म्हणाला आणि करंजीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वसईला जाण्यासाठी रो-रो बोटीत बसलो. २०२४ च्या फेब्रुवारीत ही बोट सुरू झाल्यापासून घोडबंदरचा वळसा वाचतो, आणि मोटारी थेट पोटात घेऊन ती खाडी ओलांडते. खलाशी हातवारे करून टेंपो मधे, मोटारी कडांना अशा लावीत होता. पुतण्या कौतुकाने पाहत राहिला. मला मात्र तेव्हाच वाटले, ह्याला उत्तनला न्यावे.

उत्तनच्या धक्क्यावर माझ्या जुन्या ओळखीचे एक तांडेल आहेत. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्या नात्याने ते मला मास्तर म्हणतात. पुतण्याने त्यांना फोनवर आपल्या बोटीची लाट दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

“मुद्दाम उठवता?”

“हो काका.”

“आम्ही वजन टाकतो ते लाटेपासून वाचायला,” तांडेल म्हणाले, आणि मग हसले. “बाकी पिशवी बरी आहे. पण गच्च भरतोस ना? अर्धी ठेवू नकोस.”

पुतण्या चमकला. तिकडच्या पुस्तिकेत हेच ठळक अक्षरांत छापले आहे म्हणे. अर्धवट भरलेले पाणी बोट कलली की कललेल्या बाजूलाच धावते आणि तिला आणखी कलवते. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण माणसांना लावतो. तांडेल ती बर्फ वितळून खणात साचलेल्या पाण्याला लावतात आणि ते पाणी आधी उपसतात.

मग त्यांनी आपले वजनाचे गणित सांगितले. जाताना नावेत बर्फ, डिझेल, पिण्याचे पाणी. बर्फ वितळतो, डिझेल जळते, पाणी संपते. पण तोवर डोलीत बोंबील, मांदेली, जवळा येतो आणि खण भरतात. एकाची जागा दुसरा घेतो, नाव जड जाते आणि जड येते. शिडाच्या काळी वाऱ्याला तोंड द्यायला दगड लागतच. इंजिने आली तशी ती स्वतःच तळात वजन होऊन बसली आणि दगड कमी झाले. त्यांच्या वडिलांच्या वेळचे दगड धक्क्याच्या कडेला कित्येक वर्षे पडून होते. मुले त्यांवर बसून पत्ते खेळत.

“मासळी नाही आली तर?” पुतण्याने विचारले.

“तर नाव रिकामी येते. आणि रिकामी नाव दारू प्यायल्यासारखी येते.”

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली आणि २०१९ साली २ लाख १ हजार टन, म्हणजे ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी ऐन दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ होते आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’. तांडेलांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण साल विचारताच त्यांनी तेच सांगितले. त्या हंगामात एका खेपेला अर्धा खणही न भरता परतताना नाव दोनदा इतकी कलली की त्यांचा मुलगा इंजिनाला मिठी मारून बसला. घरी आल्यावर तांडेलांनी काही बोलले नाही. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन, पत्ते खेळणाऱ्या मुलांना उठवून, त्यांनी ते दगड एकेक करून नावेत उतरवले आणि तळात पाचरी मारून पक्के बसवले.

“पुढच्या साली मासळी आली असेल थोडीफार,” मी म्हणालो.

“आली की.”

“मग दगड काढले असतील.”

तांडेलांनी पुतण्याला हाताला धरून नावेवर घेतले, खणाची फळी उचलली आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. मी धक्क्यावरूनच वाकून पाहिले. दगड ओले होते, काळे, एकमेकांना घट्ट टेकलेले. मधल्या फटींत कोळंबीची वाळलेली सालपटे अडकली होती. पुतण्या ते मोजू लागला. चौदापर्यंत त्याचा आवाज ऐकू आला, मग शेजारच्या नावेचे इंजिन सुरू झाले.