शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारा भात एकाच भांड्यांत, एकाच आंचेवर शिजलेला असतो. मनुष्यसमाज तसा शिजत नाहीं. म्हणून एका कथेवरून सामान्य सिद्धांत कसा काढावा, हें तरुण वाचकांस शिकवावेंच लागतें.

१८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः आलेली हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी आम्ही वर्गांत घेतों, तेव्हां ‘त्या काळचे सारे पुरुष स्त्रियांचे वैरी होते’ हा निष्कर्ष हटकून पुढें येतो. आम्ही वाद घालीत नाहीं. यमुनेच्या शिक्षणाची आवड जोपासणारा तिचा पति रघुनाथराव कोण, आणि तो वारल्यावर तिचें सक्तीचें केशवपन कां टळलें नाहीं, एवढेंच विचारतों. वर्ग पुन्हां पुस्तकांत शिरतो आणि दुसरें विधान घडतें: स्त्रीचें सुख एका पुरुषाच्या चांगुलपणावर टांगलेलें होतें, रूढि मात्र त्याच्या मागेंही जिवंत राही. हें विधान माणसांविषयीं अधिक न्यायी आणि रूढीविषयीं अधिक कठोर आहे. तेंही लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’शीं ताडून पाहावें, असें आम्ही सुचवितों.

आपल्याच वाक्यांतील ‘सारे’ हा शब्द ज्याला खोडतां आला, तो उद्यां एखाद्या जातीविषयीं बोलतांनाही क्षणभर थांबेल, अशी आमची आशा आहे.