आदिलाबादच्या गुड्यातले तीन दिवस

मी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात शिकलेली नर्स. डॉ. वानलेसनी १८९४ साली सुरू केलेलं ते दवाखान्याचं गाव, त्यामुळे "सेवा" हा शब्द आमच्या कानावर शिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून. लग्नानंतर नागपूरला आले, नोकरी झाली, निवृत्त झाले. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या मंडळीतून आदिलाबाद जिल्ह्यात आरोग्य शिबिराला जायचं ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, या वयात तेलंगणात कशाला?" आता आदिलाबाद म्हणजे काय परदेश आहे का! पांढरकवडा, पाटणबोरी, पैनगंगेचा पूल, की आलंच. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हा जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. बाजारात अजून मराठी चालते.

गुडीहत्नूरहून आत वळून इंद्रवेल्लीच्या पुढच्या एका गोंड गुड्यावर आमचा मुक्काम. दोन डॉक्टर, तीन नर्सा, एक लॅबवाला पोरगा आणि पाळकसाहेब. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवून, त्यांच्या आशाताईला बरोबर घेऊनच गेलो होतो. घरांपुढे कापसाचे ढीग, आणि थंडी अशी की पहाटे बोटं वळत नव्हती. तेलंगणात सगळ्यात जास्त गारठा याच भागात. केसलापूरच्या नागोबाची जत्रा जवळ आली होती. मेस्राम घराण्याची माणसं गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात, ते हे दिवस.

पहिल्याच सकाळी गावच्या पटेलबाबांनी राम राम घातला आणि सरळ मराठीत विचारलं, "बाई, दवा द्यायला आलात का देव द्यायला?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाबा, दवाच." आणि तीन दिवस ते दवाच्याच खोक्यांशी बसले. प्रार्थना आम्ही रात्री आमच्या खोलीत केली. आमच्यातल्या एका तरुण ताईंना हे पटलं नाही, गाडीत बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर, तापलेलं पोर मांडीवर घेऊन रांगेत बसलेल्या बाईला काहीही ऐकवलं तरी ती "हो" म्हणणार. त्या "हो"ला काय अर्थ?

खरं सांगू का, अशा शिबिरांत निम्मं काम देखाव्याचं होतं. बीपीच्या पाच दिवसांच्या गोळ्या देऊन काय होतं? सहाव्या दिवशी काय? म्हणून आमच्या डॉक्टरांनी नियम केला होता: रोज घ्यायचं औषध ज्याला लागेल त्याचं नाव आशाताईच्या वहीत गेलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पटेलबाबाच आपल्या नातीला घेऊन आले. अकरा-बारा वर्षांची, अंगानं आठची वाटावी अशी. डोळे पिवळट. थंडी पडली की हातपाय असे दुखतात म्हणे, की रात्रभर रडते. घरच्यांनी कावीळ समजून गळ्यात दोरा बांधला होता. आधी कुणीतरी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यानं काही फरक नाही. आई फक्त गोंडी बोलायची. मी मराठीत विचारायचं, आजोबांनी गोंडीत सांगायचं, आणि उत्तर परत उलट्या वाटेनं.

लॅबवाल्या पोरानं थेंबभर रक्त नळीत घातलं. नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. दिसल्या नाहीत. सिकलसेलचा संशय. पण या चाचणीवरून आजार आहे की नुसता वाहक, हे कळत नाही, म्हणून आमच्या गाडीनं तिला आदिलाबादच्या रिम्सला नेलं. तिथल्या तपासणीत आजारच निघाला. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीत ऊब, ताप आला तर थांबायचं नाही. आईनं दोन बोटं दाखवून गोळ्या दिवसातून किती, ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. त्या बाईची हुशारी मी विसरणार नाही.

पण अवघड पुढेच होतं. आजार मुलात आला म्हणजे आईबाप दोघंही निदान वाहक. बाबांना मी जमिनीवर काडीनं रेघा ओढून दाखवलं: दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका. बाबा बराच वेळ रेघा बघत राहिले. मग म्हणाले, "थोरल्या नातवाची सोयरीक झाली आहे. होळीनंतर लग्न."

नातवाची तपासणी रिम्सलाच झाली. तो वाहक. मुलीकडे कसं सांगायचं? गोंडांत सोयरीक म्हणजे दोन घरांचा नाही, दोन कुळांचा शब्द. पोरीला उगाच नावं ठेवतील, ही बाबांना धास्ती. मी म्हटलं, "बाबा, फक्त तिलाच नको, गुड्यावरच्या सगळ्या लग्नाच्या पोरापोरींना तपासा, म्हणजे एकीवर बोट राहणार नाही." सरकारची सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरूच आहे, चाचणी फुकट आहे. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

आम्ही परतलो. फेब्रुवारीत जत्रा आटोपल्यावर आशाताईंचा फोन आला. बाबांनी पंचांना बसवून गुड्यावर तपासणी ठेवली होती, एकवीस जण आले होते. नातवाची होणारी बायकोही आली होती, आपल्या आईला घेऊन.

"निकाल?" मी विचारलं.

"आठ दिवसांनी, बाई. नात बरी आहे, शाळेत जाते. स्वेटर पाठवा म्हणते, लाल."


स्वेटर विणून झालाय, परवा पाठवते.