लोणारचे खारे पाणी

विष्णूने लवणासुराला मारले ते विवर लोणारचे, अशी कथा आहे. आघाताने काच बनलेले खनिज सापडल्यावर, 1973 साली संशोधकांनी ते अशनिपाताचे ठरविले. प्रहार दोन्हीकडे आहेच! सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टाच्या काळ्या कातळात पडले. चंद्राच्या व मंगळाच्या बेसाल्टी भूमीवरील विवरे त्यामुळे येथे उभे राहून अभ्यासता येतात. जून 2020 मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी तळे गुलाबी केले. त्याच वर्षी त्याचे नाव रामसर यादीत गेले.

परंतु विवराला निचऱ्याची वाट नाही. आत उतरलेले सांडपाणी आतच राहते. क्षार पातळ झाले की ते जीव कोठे जातील? कमळजादेवी तर अगदी काठाशी. नवरात्रातले निर्माल्य वर आणण्याची व्यवस्था भाविकांनीच करावी. त्यासाठी आम्हां वकिलांना न्यायालयात कशाला उभे करता?