ऐकणारा चेहरा

चित्रपटात काम करणारे लहान मूल सर्वांत आधी शिकते ते ऐकायला. त्याच्या वाट्याला वाक्ये थोडी येतात आणि वाट पाहणे पुष्कळ. दिवे लावून होईपर्यंत गप्प बसायचे, जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने केलेल्या खुणेवर, म्हणजे सेटवरच्या भाषेत ‘मार्क’वर, खाली न पाहता येऊन थांबायचे, आणि ‘लुक दे’ म्हटले की कॅमेऱ्याशेजारी साहाय्यकाने धरलेल्या मुठीकडे, तिथे आईच उभी आहे अशा डोळ्यांनी पाहायचे, एवढीच बहुतेक वेळा त्याची कामगिरी असते. त्या पाहण्याला अर्थ देण्याचे काम पुढे संकलक करतो, कारण तीच नजर अंत्ययात्रेच्या दृश्याला जोडली तर शोक वाटते आणि मिठाईच्या ताटाला जोडली तर हाव. बालकलाकाराचे कौतुक करताना जाणकार हात राखून बोलतात ते याचमुळे, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. तरीही या उमेदवारीतून एक गोष्ट अंगी मुरते: समोरचा बोलत असताना स्वतःचा चेहरा जिवंत ठेवणे. नटमंडळी याला ‘रिॲक्शन’ म्हणतात. मोठेपणी चित्रपटात आलेल्या कित्येक नटांना ही गोष्ट जड जाते, कारण त्यांचे सगळे लक्ष स्वतःच्या वाक्याच्या आधी येणाऱ्या शब्दावर, म्हणजे ‘क्यू’वर, खिळलेले असते, आणि तो शब्द येईपर्यंत चेहरा नुसता थांबून राहतो.

अभिनेत्री नंदा यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ८ जानेवारी १९३९ रोजी जन्मलेल्या नंदा या नट-दिग्दर्शक मास्टर विनायक यांच्या कन्या. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) या चित्रपटांमुळे मराठी बोलपटाच्या इतिहासात ज्यांचे स्थान पक्के झाले तेच हे विनायक. १९ ऑगस्ट १९४७ रोजी ते गेले तेव्हा नंदा जेमतेम साडेआठ वर्षांच्या होत्या. ‘मंदिर’ हा विनायकांचा चित्रपट त्यांच्या निधनानंतर, १९४८ मध्ये पडद्यावर आला आणि त्यातून ‘बेबी नंदा’ प्रेक्षकांसमोर आल्या. घरात भावंडे बरीच, कर्ता पुरुष गेलेला, अशा स्थितीत लहान मुलीचे काम ही हौस राहत नाही. आजच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या नियमांप्रमाणे, बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही आणि त्याच्या मिळकतीतला किमान वीस टक्के वाटा त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो. त्या काळी मात्र मुलाची मिळकत ही घराचीच मिळकत असे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

विनायकांच्याच छत्राखाली आणखी एक मुलगी अशीच कमावती झाली होती. १९४२ मध्ये वडील दीनानाथ मंगेशकर गेले तेव्हा लता मंगेशकर बारा वर्षांच्या होत्या, आणि विनायकांनी त्यांना काम दिले. ‘पहिली मंगळागौर’ (१९४२), ‘गजाभाऊ’ (१९४३), ‘बडी माँ’ (१९४५) अशा चित्रपटांतून लतांनी लहानसहान भूमिका केल्या. तोंडाला रंग लावणे आणि दिव्यांसमोर उभे राहणे आपल्याला मनापासून कधीच रुचले नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले, आणि पार्श्वगायनाची वाट मिळताच त्या तिकडून बाहेर पडल्या. एकाच माणसाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या दोन मुलींपैकी एक दिव्यांपासून दूर गेली, दुसरी तिथेच राहिली, आणि १९६१ च्या ‘हम दोनों’मध्ये जयदेव यांनी स्वरबद्ध केलेले प्रार्थनागीत पहिलीने गायले ते दुसरीच्या ओठांवर चित्रित झाले. गाण्याचे चित्रण हेही मुळात ऐकण्याचेच काम आहे: आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज सेटवर भोंग्यातून वाजवतात, आणि नटाने तो नुसता ओठांनी पकडून भागत नाही, श्वासही गायकाच्या जागी घ्यावा लागतो. त्या गीतात नंदा जवळजवळ काहीच करत नाहीत आणि तरी आवाज त्यांचाच वाटतो.

नात्यातल्या व्ही. शांताराम यांनी ‘तूफान और दिया’ (१९५६) मध्ये त्यांना मोठी भूमिका दिली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, आणि ती कथा भावाबहिणीची होती. पुढच्याच वर्षी ‘भाभी’ आला, त्यात त्या विधवा झाल्या. १९५९ मध्ये एल. व्ही. प्रसाद यांचा ‘छोटी बहन’ आला आणि मग या प्रतिमेवर शिक्कामोर्तबच झाले. बालकलाकार म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलीला प्रेक्षक प्रेयसी म्हणून सहजासहजी स्वीकारत नाहीत, कारण तिला त्यांनी परकरपोलक्यात पाहिलेले असते. चित्रपटसृष्टीने या अडचणीवर काढलेला सोयीचा तोडगा म्हणजे बहीण, जी वयाने मोठी दिसली तरी घरात लहानच असते. या तोडग्याने नंदा यांना काम मिळाले, पण नायिकेच्या पहिल्या रांगेपासून त्या बरीच वर्षे एक पायरी खाली राहिल्या, हेही तितकेच खरे.

‘छोटी बहन’कडे आज पाहताना त्यातला अश्रूंचा महापूर अंगावर येतो, हे मान्य करून पुढे गेले पाहिजे. मूळ तमिळ कथेवरून बेतलेल्या या चित्रपटात बहीण आंधळी होते आणि अभिनेत्रीच्या हातून तिचे मुख्य साधन, म्हणजे नजर, काढून घेतली जाते. अंधाची भूमिका करणारे नट बहुधा डोळे एका जागी खिळवतात, हात पुढे करून चाचपडतात आणि तेवढ्यावर भागवतात. डोळस माणूस बोलणाऱ्याकडे तोंड वळवतो तर अंध माणसाचा कान आधी वळतो, ही बारीक गोष्ट ज्याला कळली त्याचे निम्मे काम झाले. नंदा यांचा चेहरा भाऊ झालेल्या बलराज सहानींच्या बोलण्याला किंचित तिरका होऊन सामोरा जातो तेव्हा ही जाण दिसते, आणि संवादांच्या भडिमारातही ती जागा टिकून राहते.

‘हम दोनों’मधली त्यांची रूमा हीदेखील ऐकणारीच स्त्री आहे. युद्धावरून परतलेला पुरुष नवऱ्यासारखा हुबेहूब दिसतो, पण नवरा नाही. ती हृदयाने दुबळी असल्याने तिला खरे सांगायचे नाही, असा कथेचा पेच. देव आनंद यांच्या दोन भूमिकांची चर्चा नेहमी होते, पण हा पेच उभा राहतो तो रूमाच्या चेहऱ्यावर, कारण नवऱ्याच्या दूर दूर राहण्याचे कारण न कळलेली बायको तिथे रागही धरत नाही आणि संशयही घेत नाही, नुसती समजून घेण्याचा प्रयत्न करत राहते. त्याच सुमारास बी. आर. चोप्रा यांच्या ‘कानून’मध्ये (१९६०), एकही गाणे नसलेल्या त्या न्यायालयीन चित्रपटात, त्या न्यायाधीशाच्या मुलीच्या भूमिकेत दिसल्या. ‘जब जब फूल खिले’ (१९६५) मधली श्रीमंत, आधुनिक पोशाखातली रीटा ही बहिणीच्या प्रतिमेतून बाहेर पडण्याची पहिली खरी संधी, आणि तो चित्रपट तुफान चालला. त्याचे नायक शशी कपूर हेही ‘आवारा’ (१९५१) मध्ये छोटा राज झालेले बालकलाकारच होते, आणि ते नवखे असताना नंदा यांनी त्यांच्यासोबत ‘चार दीवारी’ (१९६१) व ‘मेहंदी लगी मेरे हाथ’ (१९६२) केले होते. अभिनयाच्या दृष्टीने मात्र रीटाची भूमिका कपड्यांनी आणि गाण्यांनीच जास्त पेलली आहे.

खरी कसोटी लागली ती ‘इत्तेफाक’मध्ये (१९६९). ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून यश चोप्रा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट महिनाभरात चित्रित झाला, त्यात गाणी नाहीत, आणि जवळजवळ सगळी कथा एका रात्रीत, एका घरात घडते. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या रुग्णालयातून पळतो आणि एकट्या असलेल्या रेखाच्या, म्हणजे नंदा यांच्या, घरात शिरतो; पुढे तिच्या न्हाणीघरात त्याला एक प्रेत दिसते, ती म्हणते तुला भास झाला, आणि प्रेत खरोखरच नाहीसे झालेले असते. पन्नासहून अधिक वर्षांनी रहस्य फोडायला हरकत नसावी: ते प्रेत तिच्या नवऱ्याचे असते आणि खुनात तिचाच हात असतो.

या भूमिकेची रचना अशी की तिचा प्रत्येक भाव दोनदा वाचला जाणार. पहिल्यांदा पाहणाऱ्याला रेखाच्या चेहऱ्यावर घुसखोराची भीती दिसली पाहिजे. शेवट ठाऊक असलेल्याला त्याच चेहऱ्यावर पकडले जाण्याची भीती दिसली पाहिजे, आणि दोन्ही वेळा चेहरा खोटा वाटता कामा नये. इथे अननुभवी अभिनेत्री एक चूक हमखास करते: ती प्रेक्षकाला गुपचूप इशारा देते, डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी दडवल्याची चुणूक दाखवते, आणि तिथेच रहस्य गळते. नंदा असा इशारा कुठेच देत नाहीत. चित्रकार झालेले राजेश खन्ना बोलत असतात, येरझाऱ्या घालत असतात, आणि त्या त्यांचे बोलणे कान देऊन ऐकत राहतात. घरात शिरलेल्या माणसाला नक्की किती कळले आहे हे समजून घेण्याची निकड निरपराध बाईलाही असते आणि गुन्हेगार बाईलाही, त्यामुळे खरे ऐकले की दोन्ही अर्थ आपोआप त्या चेहऱ्यावर बसतात. शिवाय प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे दहा वर्षांपूर्वीची आंधळी बहीण होतीच. तिच्यावर संशय घ्यायला कोणाचे मन धजत नाही, हे चोप्रांनी पुरते ओळखले होते. ज्या प्रतिमेने या अभिनेत्रीला इतकी वर्षे बांधून ठेवले तीच इथे रहस्यकथेचे सर्वांत मजबूत कुलूप झाली.

यानंतरची वर्षे ‘द ट्रेन’ (१९७०), ‘शोर’ (१९७२) अशी भराभर सरतात, आणि मग मोठा खंड पडतो. परतल्या त्या ‘आहिस्ता आहिस्ता’ (१९८१), ‘प्रेम रोग’ (१९८२) आणि ‘मज़दूर’ (१९८३) मध्ये, आणि तिन्हींत पद्मिनी कोल्हापुरे यांच्या आई म्हणून. मंगेशकरांच्या नात्यातल्या पद्मिनी या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’मध्ये (१९७८) लहानपणीची रूपा झालेल्या, म्हणजे त्याही ‘बेबी’च्या रांगेतून आलेल्या. ‘प्रेम रोग’मध्ये दोघी समोरासमोर येतात तेव्हा कोणीही आपल्या वाक्यासाठी थांबलेले दिसत नाही, एकीचे वाक्य दुसरीच्या चेहऱ्यावर पुरे होते, आणि अशा दृश्यात कॅमेरा बोलणारीकडे ठेवावा की ऐकणारीकडे, हा प्रश्न दिग्दर्शकाला पडावा अशी ती बरोबरी आहे.

२५ मार्च २०१४ रोजी नंदा यांचे मुंबईत निधन झाले. फिल्मफेअरचा पुरस्कार त्यांना मिळाला तो ‘आँचल’मधल्या (१९६०) साहाय्यक भूमिकेसाठी, जी आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. ‘इत्तेफाक’साठी त्यांचे नाव उत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनात होते, पण पुरस्कार गेला त्याच वर्षीच्या, आणि राजेश खन्नाच नायक असलेल्या, ‘आराधना’साठी शर्मिला टागोर यांच्याकडे. ‘आराधना’तली भूमिका मोठी आहे यात शंका नाही, अवघड मात्र ‘इत्तेफाक’मधली आहे.