लमुएलच्या आईचं बोलणं

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या मंडळीत उपासना संपता संपता आयांना पुढे बोलावतात. संडे स्कूलची मुलं हातात एकेक गुलाब देतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात. उपदेशाचा शास्त्रपाठ ठरलेला असतो: नीतिसूत्रे, अध्याय ३१, दहाव्या वचनापासून पुढे. रात्र सरायच्या आत उठणारी, कातणारी, विणणारी, शेत पारखून विकत घेणारी, रात्री दिवा मालवू न देणारी सद्गुणी स्त्री. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्याअधिक बायका पाचला उठून, सासूबाईंच्या गोळ्या देऊन, दुपारच्या मटणाला वाटण लावून आलेल्या असतात. मागे एकदा गुलाब घेऊन जागेवर बसताना शेजारीण माझ्या कानाशी पुटपुटली, "हिच्याकडे दासी होत्या, ते कुणी सांगत नाही." खरंच आहे. पंधराव्या वचनात दासी आहेत.

त्या अध्यायावर माझा राग नाही. राग आहे तो दहाव्या वचनापासून सुरू करण्यावर. पहिलं वचन वाचलं तर कळतं, की ही लमुएल राजाला त्याच्या आईनं शिकवलेली वचनं आहेत. हा लमुएल कोण, कुठला, याचा पत्ता नाही. इस्राएलाच्या राजांच्या यादीत तो सापडत नाही. पण त्याची आई नऊ वचनांत लख्ख उभी राहते. बायकांपायी बळ घालवू नकोस, राजानं दारूच्या नादी लागू नये, प्यालास तर कायदा विसरशील आणि गरिबाचा न्याय बुडवशील, ज्याला तोंड नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. राजाला कुणी असं बोलू शकत असेल तर ती आईच. पुढचं सद्गुणी स्त्रीचं काव्य, बावीस वचनांचं, हिब्रू वर्णमालेच्या अक्षराक्षरानं बांधलेलं, वेगळं रचलेलं आहे असं बरेच अभ्यासक मानतात. मानोत. मला ते त्या आईच्याच तोंडी ऐकायला आवडतं, कारण तसं ऐकलं की ऐकणारा बदलतो. बाई किती राबते ते बघायला शीक आणि चारचौघांत, वेशीपाशी तिचं नाव घे, हे ती लेकाला सांगते आहे. आम्ही मात्र लेकाला मागच्या बाकावर मोबाइल घेऊन बसू देतो आणि यादी आईच्या हातात ठेवतो.

आयांना उत्तेजन म्हणून मंडळीत जे बोललं जातं, ते बहुतेक असं असतं. उभारी द्यायला जातात आणि ओझ्यात भर घालून येतात. त्यातलं सगळ्यात जड ओझं मुलांच्या विश्वासाचं. उपासनेनंतर चहाचे कप गोळा करणाऱ्या बाईला कुणीतरी सहज विचारतं, "तुमचा धाकटा हल्ली दिसत नाही?" ती हसते, "क्लास असतो त्याचा रविवारी," म्हणते आणि आधीच विसळलेला कप पुन्हा विसळते. क्लास नाही हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. अशा आईला 'मुलाला वळण लाव, म्हणजे तो म्हातारपणीही ते सोडणार नाही' हे वचन ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. नीतिसूत्रं हा अनुभवी माणसांचा शहाणपणा आहे. त्यांना हमीपत्र समजू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

या आईला मी मोनिकेची गोष्ट सांगते. उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावची ही बाई, चौथ्या शतकातली. मुलगा ऑगस्टीन हुशार, महत्त्वाकांक्षी आणि आईच्या मते पुरता वाया गेलेला. नऊ-एक वर्षं तो मानी नावाच्या गुरूच्या पंथाच्या नादी होता. सुरुवातीला तिनं त्याला आपल्या पंगतीलाही बसू दिलं नाही. रडून झालं, बिशपांकडे जाऊन झालं. पुढे ३८३ साली तो रोमला निघाला, तेव्हा ती कार्थेजच्या बंदरापर्यंत मागे लागली. मित्राला निरोप द्यायला थांबलोय अशी थाप मारून त्यानं तिला जवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकात रात्रीपुरतं थांबवलं. ती आत रडत होती, याला जाऊ देऊ नकोस म्हणून देवाला विनवत होती, आणि बाहेर त्याच्या जहाजाचं शीड भरत होतं. सकाळी किनाऱ्यावर ती एकटी. ती प्रार्थना सपशेल नाकारली गेली. पण तो गेला म्हणूनच पुढे मिलानला पोचला, तिथं बिशप अँब्रोजची प्रवचनं त्याच्या कानावर पडली आणि ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला. आई तोवर त्याच्यामागे मिलानला आलेली होती. त्याच वर्षी ती वारली. हे सगळं ऑगस्टीननं स्वतःच लिहून ठेवलंय, आपल्या थापेसकट. वसईकडच्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक बायकांना मोनिका नवी नाही, २७ ऑगस्ट हा तिचा सण. आम्हा प्रॉटेस्टंट बायकांना संतांची सवय नसल्यामुळे ती आमच्या हातून सुटली. मोनिका जिंकली म्हणून मला ती हवीशी वाटत नाही. आईनं मागितलेलं चुकीचं असू शकतं, मुलगा तिला फसवून निघून जाऊ शकतो आणि तरी देवाचं काम तेवढ्यावर थांबत नाही, हे तिच्या गोष्टीत आहे. मूल घडवायचा सगळा मक्ता आईकडे दिलेलाच नाही. एवढं जरी पटलं तरी कप एकदाच विसळून होतो.

आज्यांच्या वाट्याला तर पवित्र शास्त्रात फारच थोडं आलंय. लोईसला मिळालं अर्धं वचन. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तुरुंगातून त्याला लिहितो. त्याचे अश्रू आठवतात म्हणतो आणि पाठोपाठ आजी लोईस आणि आई युनीके यांचं नाव घेतो. घर लुस्त्राकडचं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं. बाप ग्रीक. मुलाची सुंता झालेली नव्हती. त्या घरात आई-आजीचं सगळंच चालत होतं असं दिसत नाही. तरी त्याला बालपणापासून शास्त्र ठाऊक होतं. लोईसनं नेमकं काय केलं, ते कुठंही लिहिलेलं नाही. नातू घाबरला, तेव्हा पौलाला तिची आठवण करून द्यावीशी वाटली, इतकंच.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र भरपूर लिहून ठेवलं. १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं, कवी ना. वा. टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण सोवळं काही एका दिवसात सुटलं नाही. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात आदर्श मातेचं चित्र शोधू नये. तिथं भांडणं आहेत, रुसवेफुगवे आहेत, फजिती आहे आणि या सगळ्यावर स्वतःलाच हसणारी बाई आहे. ते हसणं मला हजार उपदेशांपेक्षा जास्त धीर देतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी पुढे नेलं. त्या १९३६ साली गेल्या, तेव्हा त्यांची स्वतःची 'स्मृतिचित्रे'ही अपुरीच होती. ती मुलानं, देवदत्तानं पुरी केली आणि पुढे नातवानं, अशोक टिळकांनी, साक्षेपानं संपादित केली. घरात कुणी काही तडीस नेऊन गेलं नाही आणि तरी काही वाया गेलं नाही.

आमच्या महिला मंडळात एक आजी आहेत. रोज सकाळी त्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्तोत्र स्वतःच्या आवाजात वाचून टाकतात. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच खोकला. नातवंडं पुण्यात, दुबईत, टोरांटोत. उत्तर कुणाचं येत नाही. ऐकत तरी असतील का, असं त्यांनी मागे मंडळात विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्याजणी काहीबाही बोललो. परवा टोरांटोच्या नातवाचा निरोप आला. हा चर्चची पायरीही चढत नाही. "आजी, कालचं आणि आजचं स्तोत्र एकच आहे. गोळी घेतलीस का बीपीची?"

आजींनी चष्मा चढवला, दोन्ही रेकॉर्डिंगं लावून पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, "लिही त्याला, मुद्दाम दोनदा पाठवलं म्हणून."