मॅन्क्रिकची बायको कुठे आहे?

शीर्षक वाचून कुणाच्या घरचं भांडण चव्हाट्यावर मांडतेय असं समजू नका. मॅन्क्रिक हा हिरव्या कातडीचा आणि पुढे आलेल्या सुळ्यांचा एक ऑर्क आहे, आणि तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाच्या संगणकावरच्या खेळात राहतो. आता आमच्या वन्सं विचारतील, सत्तरी उलटल्यावर हिला हे काय सुचलं? सुचलं नाही हो, नातीमुळे गळ्यात पडलं. पण पडल्यावर त्यात रस वाटायला लागला, आणि मला एखाद्या गोष्टीत रस वाटला की ती तुम्हाला वाचावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. :-)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा खेळ अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. हजारो माणसं आपापल्या घरी बसून ॲझेरॉथ नावाच्या एकाच काल्पनिक जगात एकमेकांबरोबर हिंडतात. त्या जगात जागोजागी पात्रं उभी असतात. ज्याचं तुमच्याकडे काही काम आहे त्याच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह असतं, आणि काम करून परत आलात की तिथेच प्रश्नचिन्ह दिसतं. (आयुष्यभर मराठी शिकवलं, पण विरामचिन्हांना इतका मान मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला.) या कामाला क्वेस्ट म्हणतात. मी आपली ‘कामगिरी’ म्हणते.

आता वीस वर्षं चाललेल्या खेळात कामगिऱ्या किती साठत असतील, विचार करा. त्यातल्या कित्येक तर अगदीच भरताड. ‘बॅरन्स’ नावाच्या माळरानावर झेव्हरा म्हणून झेब्र्यासारखा प्राणी आहे. त्याचे चार खूर आणायला सांगतात. तुम्ही म्हणाल, एका प्राण्यात काम झालं! पण बहुतेक झेव्हरांकडून एकही खूर मिळत नाही. माझा मुलगा सांगतो की त्या काळी सगळे खेळाडू विचारायचे, हे प्राणी चालतात तरी कशावर?

मॅन्क्रिक याच माळरानावर क्रॉसरोड्स नावाच्या चौकीत उभा असायचा. त्याचं म्हणणं एवढंच, की रानडुकरासारखं तोंड असलेल्या क्विलबोअर टोळ्यांशी लढताना त्याची आणि त्याच्या बायकोची चुकामूक झाली. तिकडे दक्षिणेला कुठेतरी असेल, शोधून द्या. तेव्हा नकाशावर खूण उमटायची नाही आणि बॅरन्सचा पसारा तर विचारू नका. मग लोक काय करायचे? त्या प्रदेशातल्या सगळ्यांना दिसेल असा प्रश्न लिहायचे, ‘मॅन्क्रिकची बायको कुठे आहे?’ दिवसातून शेकडो वेळा. कुणी नीट वाट सांगायचं, कुणी मुद्दाम उलट्या दिशेला पिटाळायचं. बाई सापडायची ती रस्त्यापासून जरा आत, पडक्या झोपड्यांपाशी, मेलेली. तिचं नावसुद्धा बहुतेकांच्या लक्षात राहायचं नाही. ओल्ग्रा.

डिसेंबर २००९ मध्ये खेळाने नकाशावरच कामगिऱ्यांच्या जागा दाखवायला सुरुवात केली. विचारणं तिथेच निम्मं संपलं. मग २३ नोव्हेंबर २०१० ला सगळं जुनं जगच बदलून टाकलं, कारण ७ डिसेंबरला ‘कॅटाक्लिझम’ हा नवा भाग यायचा होता. कथेत एक महाकाय ड्रॅगन जमीन फोडून बाहेर येतो. एका कोरड्या खोल दरीत पाणी भरलं, बॅरन्सच्या मधोमध लाव्ह्याची भेग पडून त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. ढिगांनी जुन्या कामगिऱ्या रद्द झाल्या. मॅन्क्रिकला क्रॉसरोड्सवरून हलवून दक्षिणेकडे नेला आणि बायको शोधण्याची कामगिरी काढून टाकली.

मला आधी वाटलं, एवढा खटाटोप कशाला? जुनं राहू द्यायचं की तिथेच, ज्याला नको तो करणार नाही. पण मुलाने दुसऱ्या एका खेळाचं उदाहरण दिलं, ते पटलं. ‘फायनल फँटसी १४’ म्हणून जपानी खेळ आहे. त्यात मुख्य कथेच्या कामगिऱ्या क्रमानेच कराव्या लागतात. मित्र पुढच्या भागात पोचलेले आणि नवा भिडू मात्र पहिल्याच भागात निरोप पोचवत बसलेला. एक कचेरी तर अशा बंदरावर होती की तिथे जादूने थेट पोचायची सोय नाही, दर वेळी शेजारच्या गावातून पळत जायचं आणि पुढच्या निरोपाला पुन्हा तेच. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी पहिल्या भागाच्या मुख्य कामगिऱ्यांतल्या सुमारे १३ टक्के कमी केल्या. कथा ठेवली, हेलपाटे काढले. माझ्या मते उत्तम संपादन. वर्गात उशिरा दाखल झालेल्या मुलाला बाकीच्यांच्या जवळ आणायचं तर आपणही असंच करतो.

‘रूनस्केप’ या ब्रिटिश खेळाचा किस्सा मला जास्त आवडला. त्यात अगदी सुरुवातीपासून रोमिओ आणि ज्युलिएटची कामगिरी होती. तिथला रोमिओ इतका बावळट, की ज्युलिएट औषध पिऊन तळघरात निजलेली असताना त्याचं लक्ष तिच्या बहिणीकडे जातं! शेक्सपिअरने कपाळावर हात मारला असता. २०१० मध्ये ती काढली आणि तिच्या जागी एका बुटक्या कवीच्या प्रेमाची नवी गोष्ट घातली. गोष्ट म्हणून नवी जास्त चांगली आहे असं मुलगा म्हणतो. असेलही.

पण अर्धवट संपादन फार वाईट. वॉरक्राफ्टमध्ये तेच झालं. २००७ च्या भागात नाग्रँड नावाचा प्रदेश आहे. तिथे गॅरोश नावाचा एक ऑर्क वडिलांच्या कृत्याची लाज वाटून खचून बसलेला असतो. ऑर्कांचा प्रमुख थ्रॉल येतो आणि वडिलांनी अखेरीस स्वतःचं नाव कसं राखलं ते त्याला दाखवतो. चांगला प्रसंग आहे. २०१० मध्ये जुनं जग बदललं तेव्हा हाच गॅरोश सगळ्यांचा प्रमुख झालेला दाखवला. नाग्रँडला मात्र कुणी हात लावला नाही! म्हणजे नव्या खेळाडूला आधी गॅरोश दरारा असलेला प्रमुख म्हणून भेटणार, आणि पुढे गेल्यावर तोच रडवेल्या तोंडाने बसलेला. साखर कारखान्याचे चेअरमन म्हणून ज्यांना हार घातला, ते पुढच्या गावात बेकार पोरगा म्हणून ओसरीवर बसलेले भेटावेत तसं. पाठ्यपुस्तकं बदलताना मी हे फार पाहिलं आहे. धडा काढायचा आणि स्वाध्यायात त्याचाच प्रश्न तसाच ठेवायचा. मुलं विचारायची, बाई, हा कुठला धडा? मी म्हणायचे, गेल्या वर्षीचा.

सातवीच्या पुस्तकातला एक धडा मी अकरा वर्षं शिकवला आणि मग तो गेला. वाईट वाटलं होतं. पण ते पुस्तक अजून माझ्या माळ्यावर आहे. जुने विद्यार्थी कुठे लग्नाकार्यात भेटले की त्या धड्याची आठवण काढतात, आणि मनात आलं तर मी तो काढून वाचू शकते. खेळाचं तसं नाही, हे मला फार उशिरा उमगलं. ते जग कंपनीच्या यंत्रांवर असतं. तिथे बदललं की सगळ्यांच्याच घरी बदलतं. कुणाच्या माळ्यावर जुनी प्रत उरत नाही. म्हणूनच लोक इतके चिडले असणार. काहींनी स्वतःच जुन्या वॉरक्राफ्टची नक्कल उभी केली, ‘नोस्टॅल्रियस’ नावाने. कंपनीच्या वकिलांनी नोटीस दिल्यावर एप्रिल २०१६ मध्ये ती बंद पडली, तर जुना खेळ परत द्या म्हणून दोन लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. कायद्याने कंपनी बरोबर होती, पण सह्या करणारे चूक होते असं मला म्हणवत नाही. रूनस्केपवाल्यांकडे नशिबाने ऑगस्ट २००७ ची एक साठवलेली प्रत निघाली आणि २०१३ मध्ये त्यांनी ती वेगळा खेळ म्हणून सुरू केली. बावळट रोमिओ तिथे अजून नांदतो आहे. वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ नावाने ऑगस्ट २०१९ मध्ये आली.

आता नातीचं सांगते. ती ओहायोत असते. चौदा वर्षांची आहे, आणि गेलं वर्षभर बापाशी ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ यापलीकडे बोलत नव्हती. मुलगा मला फोनवर काही सांगायचा नाही, पण ‘ती कशी आहे?’ विचारलं की जरा थांबून ‘बरी आहे’ म्हणायचा, त्यावरून कळायचंच. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिने आपणहून विचारलं, की तुम्ही शिकायला आलात तेव्हा खेळायचात तो खेळ कसा होता? हा हरखला. जुनं पात्र उघडून तिला मॅन्क्रिक दाखवायला घेऊन गेला. क्रॉसरोड्सवर मॅन्क्रिक नाही. जिथे दोन संध्याकाळी भटकून त्याला आणि त्याच्या खोलीतल्या मित्राला ती बाई सापडली होती, त्या वाटेवर भेग पडलेली. कॉलेजातला जिवाभावाचा कट्टा दाखवायला न्यावं आणि तिथे उड्डाणपूल निघावा, तसं झालं असणार त्याला. नात म्हणाली, "मग तेव्हाचं कुठे बघायचं?"

तर दोघांनी क्लासिक घेतलं. तिने टॉरेन निवडली, म्हणजे बैलाच्या तोंडाची बाई. पोळ्याला शिंगं रंगवायला छान. दर शनिवारी इथे रात्री साडेआठला, तिकडे सकाळ असते, मी व्हिडिओवर बसून बघते. मॅन्क्रिकपाशी पोचल्यावर मुलाला वाट ठाऊक होती आणि इंटरनेटवर तर अचूक जागा मिळते. हिने दोन्ही नाकारलं. त्याला म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलायचं नाही." आणि सगळ्यांना दिसेल असा प्रश्न लिहिला. धडाधड उत्तरं आली! एकाने उत्तर दिशा सांगितली, एकाने समुद्रात पोहायला सांगितलं, एक म्हणाला ती घर सोडून गेली. लोकांना वीस वर्षांपूर्वीचा विनोद आठवत होता, आणि तो करायची संधी कुणी सोडत नव्हतं. माझा मुलगा तोंडावर हात धरून हसत होता. शेवटी कुणीतरी नीट लिहिलं, दक्षिणेचा रस्ता धर आणि पडक्या झोपड्यांकडे बघ.

सापडली तेव्हा नात थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, ही तर आधीच मेलेली होती. मग त्याने शोधायला कशाला पाठवलं?" मी काही बोलायच्या आत मुलगा बोलायला लागला. त्या खोलीतल्या मित्राबद्दल, तेव्हा घरी फोन करायला किती महाग पडायचं त्याबद्दल, पहिल्या हिवाळ्याबद्दल. यातलं निम्मं मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. माझा चहा गार झाला, पण फोन ठेवावासा वाटेना.

नंतर त्याने तिला सांगितलं की २०२० मध्ये आलेल्या ‘शॅडोलँड्स’ भागात ओल्ग्रा मृतांच्या जगात भेटते, नावानिशी. म्हणजे कामगिरी काढणाऱ्यांना बाई आठवत होती म्हणायची. नातीला त्याचं विशेष काही वाटलं नाही. तिचं लक्ष मॅन्क्रिकच्या दुसऱ्या कामगिरीकडे होतं. बायकोचा सूड म्हणून त्याला क्विलबोअरांचे साठ सुळे हवे आहेत. साठ! आणि तेही झेव्हराच्या खुरांसारखेच, मारलेल्या प्रत्येकाकडून मिळत नाहीत. गेल्या शनिवारी तिचे सदतीस झाले होते. मुलगा म्हणतो, काढायचीच होती तर ही कामगिरी पहिल्या दिवशी काढायला हवी होती. ती म्हणते, तुम्ही केली होतीत ना, मग मीपण करणार.