रात्र मोजणारी शेवंती

ताथवडे येथील माझ्या घराच्या गॅलरीसमोर रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळतो. त्याच्या उजेडात शेवंती नुसती पानेच वाढवते. हीच कुंडी मी आत आणली. दिवसा खिडकीशी, आणि संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत पालथ्या खोक्याखाली. काही आठवड्यांत कळ्या धरल्या. कळीला रंग दिसेपर्यंत हा नेम मोडू नये.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला या विषयातील एक संज्ञा खटकते. १९२० साली गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखूच्या अभ्यासातून दाखवले, की बहर दिवसाच्या लांबीवर ठरतो. म्हणून दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या वनस्पती ‘लघुदिन’ ठरल्या. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर उलटतपासणी केली. दिवसा थोडा अंधार केला, काहीच बिघडले नाही. लांब रात्रीच्या मध्यावर क्षणभर उजेड पाडला, तर फुले आलीच नाहीत. वनस्पती मोजते ती रात्र! नाव मात्र तोवर रूढ झाले होते.

पॉलिहाऊसमधले शेतकरी संज्ञेच्या वादात पडत नाहीत. आधी मध्यरात्री दिवे लावून ते रोप उंच करतात, मग काळे कापड ओढून बाजाराच्या बेताने फुलवतात.

आपल्यापैकी कित्येक जण चाकणची दुसरी पाळी संपवून आता ही पुस्तिका उघडून बसले असतील. खोली एकच असेल, तर दिवा मालवू नका. कुंडीवर खोके घाला.